लॉ सीईटी: अर्ज घरून भरता येतो, परीक्षा घरून देता येत नाही

बारावीच्या मुलांचे पालक, पदवीनंतर दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेली मंडळी आणि निवृत्तीला टेकलेले बँक कर्मचारी. लॉच्या प्रवेशाबद्दल या तिघांचे प्रश्न दरवर्षी फिरून तेच असतात. परीक्षा घरून लॅपटॉपवर देता येते का? पत्राचारानं एलएलबी होतं का? अंधेरी-बोरिवलीकडे संध्याकाळचं कॉलेज आहे का? क्लॅट दिली तर सीईटी कशाला? हल्ली सगळ्याच कामांना 'ऑनलाइन' म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ होणारच. अर्ज ऑनलाइन असतो, कागदांची तपासणी ऑनलाइन होते, निकाल आणि प्रवेशफेऱ्याही ऑनलाइन. परीक्षा संगणकावर होते, पण तो संगणक परीक्षा केंद्रातला असतो. आणि शिक्षण तर वर्गात बसूनच घ्यावं लागतं.

मुंबई उपनगरातल्या मुलांच्या जागा सीईटीत गुण कमी पडल्यामुळे जातात तशा कागद वेळेत न मिळाल्यामुळेही जातात. म्हणून या लेखात अभ्यासापेक्षा कागदांना जास्त जागा दिली आहे.

कोणती परीक्षा तुमच्यासाठी?

- राज्याची लॉ सीईटी, पाच वर्षांचा अभ्यासक्रम: बारावीनंतर. मुंबई विद्यापीठाशी संलग्न बहुतेक महाविद्यालयांत पदवीचं नाव बीएलएस-एलएलबी असतं.
- राज्याची लॉ सीईटी, तीन वर्षांचा अभ्यासक्रम: कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी परीक्षा देता येते, मात्र प्रवेशाच्या वेळी निकाल हातात हवा. या दोन सीईटींचे अर्ज वेगळे आणि परीक्षाही वेगळ्या.
- क्लॅट: राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते (२०२४ मध्ये १ डिसेंबरला, २०२५ मध्ये ७ डिसेंबरला झाली). बारावीचं वर्ष अर्धं सरेपर्यंत तिचा अर्ज भरून झालेला असावा लागतो. अनेक पालकांना हे जानेवारीत कळतं, तोवर ते वर्ष गेलेलं असतं.
- खासगी आणि अभिमत विद्यापीठं: यांतली काही स्वतःची परीक्षा घेतात. सिम्बायोसिसची स्लॅट हे त्याचं परिचित उदाहरण. राज्याच्या सीईटीचे गुण तिथे चालतीलच असं नाही.

महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, मुंबई, पवईत आहे. घाटकोपर-मुलुंडच्या पालकांना ते 'आपल्या भागातलं कॉलेज' वाटतं आणि सीईटीत चांगले गुण मिळाले की तिथे प्रवेश होईल असा समज असतो. तो चुकीचा आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिथे क्लॅटमधूनच घेतात. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय मात्र राज्याच्या सीईटीतून मिळतं. १८५५ साली सुरू झालेलं हे आशियातलं सर्वांत जुनं विधी महाविद्यालय मानलं जातं, आणि सरकारी असल्यामुळे शुल्कही तुलनेनं फार कमी.

मराठी माध्यमातून शिकला असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. राज्याच्या सीईटीत इंग्रजीचा विभाग सोडून बाकी प्रश्न मराठीतही दिलेले असतात. क्लॅट पूर्ण इंग्रजीत असते आणि तिच्यात लांबलचक उतारे वाचायचे असतात. दोन्ही द्यायच्या असतील तर अवश्य द्या, फक्त एकीची तयारी दुसरीला आपोआप पुरेल असं समजू नका.

घरून परीक्षेचा समज कुठून आला?

तो निराधार नाही. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं क्लॅट सोडून स्वतःची घरून द्यायची परीक्षा जाहीर केली आणि १२ सप्टेंबरला ती घेतलीही. सर्वोच्च न्यायालयानं २१ सप्टेंबरला ती रद्द ठरवली आणि क्लॅट केंद्रांवरच झाली. त्याच वर्षापासून एलसॅट-इंडिया ही खासगी विधी महाविद्यालयांची परीक्षा घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली होऊ लागली आणि २०२४ पर्यंत चालली. त्यानंतर ती बंद झाली. जुन्या व्हिडिओंमध्ये आणि क्लासच्या पत्रकांमध्ये तिचा उल्लेख अजून सापडतो. तिच्या नावानं कुणी शुल्क मागत असेल तर देऊ नका.

पत्राचार, संध्याकाळचे वर्ग, नोकरी

वकिलीची सनद मिळवून देणारं एलएलबी पत्राचारानं किंवा ऑनलाइन होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया ते मान्य करत नाही. 'घरबसल्या एलएलबी' म्हणून जे विकलं जातं ते एक तर पदविका असते, नाही तर फसवणूक. कायद्याची पदविका घ्यायला काहीच हरकत नाही, मनुष्यबळ विभागात किंवा सोसायटीच्या कामात ती उपयोगी पडते. पण तिच्या बळावर न्यायालयात उभं राहता येत नाही.

संध्याकाळच्या वर्गांचं पूर्वीचं चित्रही आता तसं राहिलेलं नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार अनिवासी महाविद्यालयाचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घ्यावे लागतात. काही महाविद्यालयं सकाळच्या सत्रात वर्ग उरकतात. नोकरदारांना जे काही जमण्यासारखं आहे ते तेवढंच. कोणतं महाविद्यालय कोणत्या वेळेत चालतं हे पसंतीक्रम भरण्याआधी स्वतः जाऊन विचारून या. संकेतस्थळावर ते बहुतेकदा नसतं.

हजेरीची अट किमान ७० टक्क्यांची आहे आणि विद्यापीठाची अट त्याहून कडक असू शकते. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात बार कौन्सिलनं महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी आणि कॅमेरे बसवायला सांगितलं. विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी जाहीर करायच्या आहेत: दुसरी नियमित पदवी सोबत चालू नाही, नोकरी आहे की नाही, आणि फौजदारी प्रकरण आहे की नाही. नोकरी लपवून प्रवेश घेणं यामुळे आता जोखमीचं झालं आहे. सरकारी, निमसरकारी किंवा बँक कर्मचारी असाल तर कार्यालयाकडून लेखी ना-हरकत आधी घ्या. आणि पगारी नोकरीत असताना सनद घेऊन वकिली करता येत नाही. निवृत्तीनंतर वकिली करायची असेल तर हरकत नाही. वयाची वरची मर्यादा सध्या नाही. बार कौन्सिलनं घातलेल्या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१७ मध्ये स्थगिती दिली. पन्नाशीतला कारकून आणि नुकतीच पदवी घेतलेली मुलगी एकाच बाकावर बसलेली तीन वर्षांच्या वर्गात दिसतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

पात्रता: मुक्त विद्यापीठाची मेख

किमान गुण असे: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. पाच वर्षांसाठी ते बारावीचे, तीन वर्षांसाठी पदवीचे.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, हा प्रश्न उपनगरांतून फार येतो. घरची जबाबदारी लवकर अंगावर पडल्यामुळे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली माणसं इथे बरीच आहेत. तुम्ही दहावी आणि बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही. बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमातून थेट पदवीला गेला असाल तर बार कौन्सिलच्या नियमानुसार तुम्ही अपात्र ठरता, गुण कितीही असोत. सीईटीचा अर्ज मात्र भरला जातो, परीक्षाही देता येते, आणि गाडी अडते ती कागद तपासताना. शुल्क आणि वर्ष दोन्ही फुकट जाऊ द्यायचं नसेल तर ही एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा.

कागद: इथेच खरा वेळ जातो

मुंबई उपनगर जिल्ह्याचे तालुके तीन: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. उत्पन्न, अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअरचे दाखले 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मागता येतात. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ नुसार दाखल्याला ठरलेली मुदत असते. ती उलटली तर त्याच पोर्टलवर अपील करता येतं. अपील करायला बिचकू नका, ते फुकट आहे.

साधारणपणे लागणारे कागद असे:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रकं, तीन वर्षांसाठी पदवीच्या सर्व सत्रांचीही
- शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- राष्ट्रीयत्व आणि महाराष्ट्राचा अधिवास
- आरक्षण असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त किंवा एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग) असाल तर नॉन-क्रीमीलेअर. ते प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं
- आर्थिक दुर्बल घटकात येत असाल तर राज्याच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. केंद्राच्या नमुन्यातलं आणू नका
- दिव्यांग असाल तर यूडीआयडी कार्ड

उत्पन्नाच्या आठ लाखांच्या मर्यादेवरून भांडणं होतात, म्हणून नीट समजून घ्या. ईडब्ल्यूएसमध्ये कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरतात. नॉन-क्रीमीलेअरच्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, आई-वडील कोणत्या पदावर आहेत याची कसोटी मात्र वेगळी असते. 'वडिलांचा पगार नऊ लाख, म्हणजे आपण क्रीमीलेअर' असं परस्पर ठरवून आरक्षण सोडणारी कुटुंबं आहेत. तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय सोडू नका.

आता जात वैधता. विज्ञान शाखेच्या मुलांना अभियांत्रिकी-वैद्यकीयसाठी हे प्रमाणपत्र लागतं, म्हणून त्यांचं कनिष्ठ महाविद्यालय बहुतेकदा अकरावीतच त्यांच्या मागे लागतं. कला-वाणिज्यच्या मुलांना कुणी सांगत नाही. आणि लॉला येणारी मुलं मुख्यतः याच दोन शाखांची. लॉसुद्धा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, राखीव जागेवर प्रवेश हवा तर वैधता लागतेच.

उपनगरातल्या मराठी कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. जातीचा दाखला तुम्ही आज कुठे राहता यावर मिळत नाही, ठरावीक तारखेला तुमचं कुटुंब कुठे राहत होतं यावर मिळतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा गिरणीत नोकरीला १९७० च्या सुमारास आले असतील, तर दहिसरला जन्मलेल्या नातवाचा दाखला रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचाच असणार आणि त्याची पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होणार. वांद्र्याच्या समितीकडे नव्हे. अनुसूचित जमातींच्या समित्या तर वेगळ्याच असतात. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेतल्या नोंदीचा उतारा गावाहून काढणं आलं. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा हे काम उरकून घ्या, ऐन प्रवेशाच्या घाईत दोन दिवसांची रजा टाकून ते होत नाही.

काही वर्षी सरकार वैधतेच्या अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देतं आणि नंतर मुदत वाढवतं. त्या भरवशावर राहू नका. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश जाऊ शकतो, आणि तोवर दुसरीकडच्या जागा भरून गेलेल्या असतात.

नावाचा घोळ

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी, आणि स्पेलिंग तिसरंच. सीईटीच्या अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा आणि आधार त्याला जुळवून घ्या. पदवी माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या, अशी स्थिती असलेल्या महिला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला खूप येतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, यापैकी एक हाताशी ठेवा.

अर्ज भरताना

१. अर्ज सीईटी सेलच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरा. नोंदणी साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होते.

२. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचेच द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटाचा नंबर दिलात की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात, आणि पसंतीक्रमही तोच भरू शकतो.

३. प्रवर्ग काळजीपूर्वक निवडा. कागद नाहीत म्हणून 'सध्या खुला टाकू, नंतर बदलू' असं करू नका.

४. लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर त्याची नोंद अर्जातच करा. पात्र दिव्यांग उमेदवाराला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे दोन तासांच्या परीक्षेला ४० मिनिटं.

५. भरलेल्या अर्जाची आणि शुल्काच्या पावतीची पीडीएफ जपून ठेवा.

सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी पुन्हा वेगळी करावी लागते. चांगले गुण मिळवून ही दुसरी नोंदणी चुकवणारे उमेदवार दरवर्षी असतात.

काही अडलं आणि हेल्पलाइन लागेना, तर मुंबईकरांना एक सोय आहे जी नांदेड-गडचिरोलीच्या मुलांना नाही. सीईटी सेलचं कार्यालय फोर्टात, न्यू एक्सेलसियर इमारतीत आहे. लेखी अर्ज घेऊन जा आणि पोच घ्या.

तयारी: थोडक्यात

परीक्षा १२० प्रश्नांची, १२० गुणांची, दोन तासांची. सध्याच्या रचनेत पाच वर्षांच्या सीईटीत कायदा-अभिरुचीचे ३२, सामान्य ज्ञानाचे २४, तर्कशक्तीचे ३२, इंग्रजीचे २४ आणि गणिताचे ८ प्रश्न. तीन वर्षांच्या सीईटीत गणित नाही. तिथे इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३२, कायदा आणि तर्कशक्तीचे प्रत्येकी २४. पदवी घेतलेल्यांना इंग्रजीचाच धसका असतो आणि गुणांचा सर्वांत मोठा वाटाही तिचाच, तेव्हा तिला टाळून चालणार नाही. जुन्या पुस्तकांत १५० प्रश्नांची रचना दिसेल, ती आता नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका. क्लॅटमध्ये मात्र पाव गुण कापला जातो. दोन्ही देणाऱ्यांनी ही सवय बदलण्याचा सराव करावा.

पुस्तक घेताना एवढंच पाहा: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाचं कलम ३०२ शिकवणारं जुनं पुस्तक रद्दीच्या भावात मिळालं तरी घेऊ नका. आज ते कलम १०३ आहे. राज्यघटनेतले मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, संसद आणि न्यायव्यवस्था एवढं नीट केलंत तर कायद्याच्या विभागाचा पाया होतो.

महागडा क्लास लागतोच असं नाही. सीईटी सेलच्या संकेतस्थळावरचा सराव संच घड्याळ लावून सोडवा. घरात जागा नसेल तर महापालिकेच्या अभ्यासिका आहेत. मुलुंडकरांना महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे.

परीक्षेचा दिवस

केंद्र तुमच्याच उपनगरात मिळेल याची खात्री नसते. बोरिवलीकराला पूर्व उपनगरातलं किंवा खाडीपलीकडचं केंद्रही येऊ शकतं. परीक्षा रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आणि किती वाजल्यापासून आहे ते पाहा. पश्चिमेहून पूर्वेला जायचं तर दादरला वळसा घालण्यापेक्षा अंधेरी-घाटकोपर मेट्रो बरी. केंद्राचं फाटक ठरल्या वेळी बंद होतं, गाडी रखडली हे कारण ऐकून घेत नाहीत. मूळ ओळखपत्र न्या. मोबाइलमधला फोटो चालणार नाही. पेपरनंतर तुमची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची संकेतस्थळावर येते. उत्तर चुकलंय याची खात्री असेल तरच आक्षेप घ्या, कारण प्रत्येक आक्षेपाला वेगळं शुल्क पडतं.

कॅप आणि पसंतीक्रम

इथे तुम्ही घरबसल्या कागद चढवता आणि ते ई-स्क्रुटिनीत तपासले जातात. त्रुटी निघाली की अर्ज तुमच्याकडे परत येतो, मुदतीत दुरुस्त केला नाही तर यादीतून बाहेर. म्हणून त्या दिवसांत रोज एकदा लॉगिन करा, एसएमएसची वाट पाहू नका. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत प्रवर्ग किंवा गुण चुकले असतील तर हरकत घ्यायचे दिवस असतात, ते गेले की काही होत नाही.

पसंतीक्रम भरताना आधी रेल्वे पाहा, मग नाव. पाच वर्षं रोज जायचंय. विलेपार्ले पश्चिमेला प्रवीण गांधी आणि जितेंद्र चौहान, वांद्र्याला रिझवी, गोरेगावला लॉर्ड्स युनिव्हर्सल, दहिसरला ठाकूर रामनारायण, चेंबूरला व्हीईएस ही उपनगरांतली काही नावं. यांतलं कोणतं तीन वर्षांचं शिकवतं, कोणतं पाच वर्षांचं, ते कॅपच्या यादीत पाहा. मुलुंडहून पार्ल्याला जाणं वाटतं तेवढं अवघड राहिलेलं नाही. घाटकोपरला मेट्रो, अंधेरीला उतरून पुढे एक स्टेशन. बोरिवलीहून चर्चगेटला जायचं तर सकाळच्या सत्रासाठी पहाटे उठायची तयारी हवी. माझं मत विचाराल तर शासकीय विधी महाविद्यालय मिळत असेल तर तो प्रवास करावा. बाकी दक्षिण मुंबईतल्या केवळ नावाजलेल्या पाटीसाठी रोजचे तीन तास लोकलमध्ये घालवणं प्रत्येकाला परवडत नाही.

पहिली पसंती मिळाली की ती घेणं सहसा बंधनकारक असतं, पुढच्या फेरीत सुधारणेची संधी राहत नाही. त्यामुळे 'बघू तर खरं' म्हणून काहीही पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

मुंबईतल्या अनेक विधी महाविद्यालयांना भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा आहे. तिथे मोठा वाटा त्या समाजासाठी राखीव असतो आणि राज्यघटनेच्या १५(५) कलमानुसार जातीनिहाय आरक्षण त्या संस्थांना बंधनकारक नाही. राखीव प्रवर्गातून अर्ज करत असाल तर यादीत अल्पसंख्याक दर्जा नसलेल्या महाविद्यालयांची संख्या पुरेशी ठेवा. महाविद्यालयाला बार कौन्सिलची त्या वर्षाची मान्यता आहे का, तेही बघा.

पैसे आणि हक्क

- शुल्क: खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाचं शुल्क २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याहून जास्त मागितलं तर लेखी मागा आणि प्राधिकरणाकडे तक्रार करा. देणगी मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, 'विकास निधी' असं नाव दिल्यानं ते बदलत नाही.
- मुलींसाठी: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अट एकच: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो, तो वेळेत करा.
- प्रवेश रद्द केला तर: मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा संस्थेला अधिकार नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे निर्देश तसे स्पष्ट आहेत. मुदतीच्या आत रद्द केलात तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाऊन बाकी रक्कम परत मिळते. गेल्या काही वर्षांत कॅपच्या फेऱ्या लांबत गेल्यात, म्हणून लोक धास्तीनं खासगी विद्यापीठात मोठी रक्कम भरून ठेवतात. भरण्याआधी परताव्याची शेवटची तारीख लेखी घ्या.
- सनद: ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेतल्या जेडी पदवीसाठी आधी कोणत्याही शाखेची पदवी आणि बहुतेक ठिकाणी एलसॅट लागते (बंद झालेली एलसॅट-इंडिया नव्हे). इथे एलएलबी करून तिकडे एलएलएमला जाणाऱ्यांना एलसॅट लागत नाही. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधला 'लॉजिक गेम्स'चा विभाग गेला. आता ३५ मिनिटांचे चार विभाग असतात, त्यातला एक गुणांत धरत नाहीत. ही परीक्षा काही वर्षं घरून देता येत होती. कॉपीच्या तक्रारींमुळे ऑगस्ट २०२६ पासून ती मुख्यतः केंद्रावर घेण्याचं ठरलं आहे. लेखी युक्तिवादाचा भाग मात्र वेगळा, घरच्या संगणकावर द्यायचा. त्यासाठी दार बंद होणारी खोली हवी आणि त्या वेळात आत कुणी येता कामा नये. दोन खोल्यांच्या घरात हे जमवणं सोपं नाही, म्हणून दुपारची वेळ निवडा, शेजारी ड्रिलचं काम चालू नाही ना हे पाहा, वायफायऐवजी केबल जोडा. नोंदणीतलं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळलं पाहिजे. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांसाठी लागणारी एलनॅट परीक्षा केंद्रावरच होते. आणि परदेशी पदवी घेऊन इथे वकिली करायची तर बार कौन्सिलची मान्यता आणि पात्रता परीक्षा पार करावी लागते, हा खर्च-वेळ आधीच हिशेबात धरा.

यंदा सीईटी द्यायचं ठरवलं असेल आणि तुम्ही राखीव प्रवर्गात येत असाल, तर सीईटीच्या अर्जाची वाट न पाहता या आठवड्यात जात वैधतेचा अर्ज दाखल करा.